रेकॉर्डिंग ऐकत मराठीत टाइप करताय? मग माउस बाजूला ठेवा: एमपीव्ही प्लेअर टर्मिनलवरून कसा चालवायचा

जात्यावरच्या ओव्या, सप्त्यातली कीर्तनं, रझाकारांचा काळ डोळ्यांनी पाहिलेल्या आजोबांच्या आठवणी. असं काही मोबाइलवर रेकॉर्ड करून आणलं की खरं काम तिथून पुढे सुरू होतं: ऐकायचं, थांबवायचं, टाइप करायचं, पुन्हा मागे जायचं. एका तासाचं रेकॉर्डिंग उतरवायला चार-पाच तास सहज लागतात. त्यातला बराच वेळ ऐकण्यात किंवा टाइप करण्यात जात नाही. तो जातो माउस शोधण्यात, प्लेअरच्या खिडकीत जाण्यात, ती बारीक पट्टी चिमटीत धरून नेमकं दोन सेकंद मागे ओढण्यात आणि परत लिहायच्या खिडकीत येण्यात.

हा लेख देगलूर-उदगीरपासून पैठण-वैजापूरपर्यंत कुठेही बसून हे काम करणाऱ्यांसाठी आहे. प्रबंधासाठी करत असाल किंवा घरच्या म्हाताऱ्या माणसांचं बोलणं जपायचं म्हणून, फरक पडत नाही. संगणकाचं शिक्षण लागत नाही. टर्मिनल म्हणजे फक्त आज्ञा टाइप करायची जागा; ते म्हटलं की काळी खिडकी आणि हॅकर आठवत असतील तर तेवढं मनातून काढून टाका.

प्लेअरचं नाव एमपीव्ही. हंगेरीत २००० साली सुरू झालेल्या एमप्लेअर या जुन्या प्लेअरचा हा वंशज. मधे एमप्लेअर२ नावाची एक पिढी होऊन गेली आणि २०१३ साली एमपीव्हीची पहिली आवृत्ती आली. फुकट आहे, जाहिरात नाही. आतून एफएफएमपेग (आवाज-चित्राच्या फाइली उलगडणारा मोफत प्रोग्राम) वापरतो, त्यामुळे मोबाइलची एम४ए, व्हॉट्सअपची ओपस, जुन्या साध्या फोनची एएमआर अशी कुठलीही फाइल द्या, वाजवतो. व्हीएलसी वाईट आहे असं नाही. सिनेमा बघायला मी तोच उघडतो. पण ऐकत ऐकत लिहायचं असेल तर एमपीव्हीची सर येत नाही.

एक सूचना आधीच. लेखात सगळ्या आज्ञा उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. तुम्ही त्या इंग्रजी लहान अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांतच टाइप करायच्या. मोठं अक्षर लागेल तिथे तसं सांगितलं आहे.

काय काय जवळ हवं

- लिनक्स असलेला कोणताही संगणक. उबुंटू, मिंट, डेबियन, काहीही. दोन जीबी रॅमचा जुना लॅपटॉपही पुरतो. विंडोजवाल्यांसाठी पहिल्या पायरीत थोडं लिहिलं आहे.
- कान पूर्ण झाकणारा, वायरचा हेडफोन. ब्लूटूथमध्ये आवाज किंचित उशिरा येतो. थांबव-चालू करताना तो उशीर फार जाणवतो.
- मराठी टायपिंग बसवलेलं असावं. इन्स्क्रिप्ट (मराठी अक्षरांची प्रमाण कीबोर्ड मांडणी) असेल तर उत्तम.
- मूळ रेकॉर्डिंगची एक प्रत पेनड्राइव्हवर वेगळी काढलेली. काम नेहमी दुसऱ्या प्रतीवर.
- ज्यांचं रेकॉर्डिंग आहे त्यांची लेखी संमती. प्लेअरचा याच्याशी संबंध नाही, पण पुढे छापायची वेळ आली की हा कागद शोधत गावी जावं लागतं.

## १. बसवणे

उबुंटू, मिंट, डेबियनवर टर्मिनल उघडा (कंट्रोल + ऑल्ट + टी) आणि लिहा:

सुडो एपीटी इन्स्टॉल एमपीव्ही सोकॅट

सोकॅट म्हणजे एस-ओ-सी-ए-टी. ते पाचव्या पायरीत लागणार आहे, आत्ताच सोबत बसवून टाका. पासवर्ड टाइप करताना पडद्यावर ठिपकेसुद्धा दिसत नाहीत. ते तसंच असतं, टाइप करून एंटर दाबा. फेडोरावर एपीटीच्या जागी डीएनएफ.

सॉफ्टवेअर स्टोअरमधून बसवू नका. तिथे बहुतेक वेळा स्नॅप किंवा फ्लॅटपॅकची आवृत्ती मिळते. ती स्वतःच्या पेटीत बंद असते, तिची सेटिंगची जागा वेगळी असते आणि बाहेरून दिलेल्या सूचना तिच्यापर्यंत पोहोचत नाहीत. मग पाचवी पायरी काही केल्या चालत नाही आणि चूक कुठे आहे तेही कळत नाही.

विंडोजवर एमपीव्हीच्या अधिकृत संकेतस्थळावरच्या दुव्यावरून झिप उतरवून उघडा. त्याच फोल्डरमध्ये 'पोर्टेबल_कॉन्फिग' नावाचा (इंग्रजी अक्षरांत, मधे खालची रेघ) फोल्डर तयार करा. चौथ्या पायरीतल्या फाइली त्यात ठेवायच्या. पाचवी पायरी विंडोजवर वेगळ्या तऱ्हेने करावी लागते, ती इथे घेतलेली नाही.

## २. पहिली फाइल वाजवणे

रेकॉर्डिंग पेनड्राइव्हवरून थेट वाजवू नका, आधी संगणकावर घ्या. याचं कारण चौथ्या पायरीत येईल. 'रेकॉर्डिंग' नावाचा फोल्डर करा आणि फाइलींना इंग्रजी अक्षरांत साधी नावं द्या: देगलूर-०१, देगलूर-०२. मधे जागा सोडू नका, कंस टाकू नका. आकड्याआधी शून्य हवाच. नाहीतर १ नंतर २ न येता १० वाजायला लागतं. मग टर्मिनलमध्ये लिहा ('सीडी' म्हणजे त्या फोल्डरमध्ये जा):

सीडी रेकॉर्डिंग
एमपीव्ही देगलूर-०१.एम४ए

फाइलचं नाव पूर्ण टाइप करायची गरज नाही. 'एमपीव्ही देग' एवढं लिहून टॅब दाबा, उरलेलं नाव आपोआप येतं. नावात जागा असेलच तर अख्खं नाव अवतरणचिन्हात घाला. न घातल्यास प्लेअर ते दोन वेगळ्या फाइली समजतो आणि दोन्ही सापडत नाहीत म्हणतो.

चालू झालं की खाली अशी ओळ पळताना दिसेल:

ए: ००:१२:४१ / ०१:०३:२० (२०%)

'ए' म्हणजे ऑडिओ, पुढे किती वाजलं, एकूण किती, टक्के किती. पडद्यावर एवढंच दिसतं. कधी कधी एमपी३ फाइलीत चित्र दडलेलं असतं, तेव्हा ते दाखवायला एक वेगळी खिडकी उघडते. ती नको असेल तर '--नो-व्हिडिओ' जोडा:

एमपीव्ही --नो-व्हिडिओ देगलूर-०१.एमपी३

मधूनच सुरू करायचं तर '--स्टार्ट=१२:३०' जोडा. पर्यायाआधीच्या दोन आडव्या रेघा आणि बरोबरचं चिन्ह यांच्यामध्ये कुठेही जागा सोडायची नाही.

बटणं दाबली तरी काहीच होत नसेल तर दोन गोष्टी बघा. एक, टर्मिनलच्या खिडकीवर क्लिक केलेलं आहे का? बटण समोरच्या खिडकीला लागतं. दोन, आज्ञेच्या शेवटी 'अँड'चं चिन्ह (&) लावलंय का? ते लावलं की प्लेअर मागे जाऊन वाजत राहतो आणि कीबोर्डशी त्याचा संबंध तुटतो. 'एफजी' लिहून एंटर दाबा, परत पुढे येईल. चुकून कंट्रोल + झेड दाबलं गेलं तरी हाच उपाय. आणि कंट्रोल + एस लागून टर्मिनलचा पडदा गोठला तर कंट्रोल + क्यू. सेव्ह करायची सवय असलेल्या हातांकडून हे हमखास होतं.

## ३. कामापुरती बटणं

एमपीव्हीची बटणं शंभराच्या घरात आहेत. ती पाठ करत बसू नका. उतरवून घेण्याच्या कामाला एवढी पुरतात:

- स्पेस: थांब, चालू
- डावा-उजवा बाण: पाच सेकंद मागे-पुढे
- शिफ्ट + डावा-उजवा बाण: एक सेकंद मागे-पुढे
- वर-खाली बाण: एक मिनिट पुढे-मागे
- चौकोनी कंस [ आणि ]: वेग कमी-जास्त
- बॅकस्पेस: वेग पुन्हा मूळचा
- ९ आणि ०: आवाज कमी-जास्त
- एम: आवाज बंद
- ओ: आपण कुठे आहोत ते दाखव
- एल: तुकडा फिरवत ठेव
- क्यू: बाहेर पड

यातलं चौकोनी कंसाचं आणि एलचं बटण बहुतेकांना माहीत नसतं, आणि आपल्या कामाचा जीव त्या दोघांत आहे.

वेगाचं आधी. कंस दाबला की वेग दहा टक्क्यांनी कमी होतो, पण आवाज घोगरा होत नाही, कारण एमपीव्ही स्वराची पट्टी आपोआप सांभाळतो. लातूर-उदगीरकडची माणसं भरभर बोलायला लागली की 'करूलालो' म्हणाले की 'करायलो' हे मूळ वेगात नीट ऐकू येत नाही. आणि नीट ऐकू आलं नाही की हात आपसूक 'करतोय' लिहून मोकळा होतो. दोनदा कंस दाबा, साधारण ०.८ वेगाला शब्द सुटे होतात. ०.६ च्या खाली जाऊ नका, शब्द ताणून चिंध्या होतात आणि उलट कमी कळतं. सुरुवातीपासूनच हळू हवं असेल तर आज्ञेतच '--स्पीड=०.८' द्या.

आता एल. समजा जात्यावरची ओवी आहे. शेवटच्या चरणाला आजींचा आवाज खाली येतो, जात्याची घरघर वर येते, त्यात हातातल्या बांगड्या, आणि नेमका यमकाचा शब्द बुडतो. अशा वेळी पाच-पाच सेकंद मागे जात बसायचं नाही. त्या शब्दाच्या जरा आधी एल दाबा, शब्द संपला की पुन्हा एल. आता तेवढाच तुकडा गोल गोल फिरत राहील. हात मोकळे ठेवा, डोळे मिटा आणि ऐका. शब्द लागला की तिसऱ्यांदा एल दाबा, फिरणं थांबून रेकॉर्डिंग पुढे सरकतं. तुकडा फार लहान करू नका. आधीचे दोन शब्द त्यात येऊ द्या. एकटा शब्द कितीही वेळा ऐकला तरी लागत नाही, वाक्याच्या ओघात लागतो.

तरीही घरघर आड येत असेल तर प्लेअर बंद करून असा चालू करा:

एमपीव्ही --एएफ=हायपास=एफ=२०० ओवी-०३.एम४ए

दोनशे हर्ट्झच्या खालचा आवाज यात बराच दबतो. जातं, पंखा, पाण्याची मोटर यांची घरघर मुख्यतः तिथेच असते. शब्द ओळखू येतात ते वरच्या पट्ट्यांमुळे, त्यामुळे बोलण्याचं फारसं नुकसान होत नाही. बांगड्यांवर मात्र याचा उपाय नाही. त्यांचा आवाज वरच्याच पट्टीत असतो. पुढच्या वेळी रेकॉर्डिंगला फोन हातापासून लांब, तोंडाजवळ ठेवा.

दुसरी नेहमीची अडचण: प्रश्न विचारणारा फोनजवळ बसलेला, त्याचा आवाज कानठळ्या बसवणारा. आजोबा बाजेवर, त्यांचा आवाज विहिरीतून आल्यासारखा. इथे डी-वाय-एन-ए-यू-डी-एन-ओ-आर-एम हा फिल्टर वापरा (सलग, जागा न सोडता, '--एएफ=' च्या पुढे). तो लहान आवाज उचलतो, मोठा दाबतो. दोन्ही फिल्टर एकदम हवे असतील तर मधे स्वल्पविराम. कॉलरच्या माइकवरचं रेकॉर्डिंग एकाच कानात येत असेल तर '--ऑडिओ-चॅनल्स=मोनो'. मूळ फाइलीला यातलं काहीही धक्का लावत नाही, फक्त ऐकताना बदल होतो.

मराठी कीबोर्डचा सापळा. यात सगळेच अडकतात. तुम्ही मराठीत टाइप करत आहात, तसेच प्लेअरकडे येता आणि एल दाबता. काहीच होत नाही. पडद्यावर इंग्रजीत ओळ उमटते की 'त' या बटणाला काही काम दिलेलं नाही. बरोबरच आहे. इन्स्क्रिप्टमध्ये एलच्या जागी त आहे, एमच्या जागी स, पीच्या जागी ज, कंसाच्या जागी ड. प्लेअरला तीच अक्षरं मिळतात. स्पेस, बाण आणि बॅकस्पेस दोन्हीकडे सारखे, म्हणून ते चालतात आणि गोंधळ आणखी वाढतो. उपाय दोन: दर वेळी कीबोर्ड बदलायचा, किंवा प्लेअरलाच मराठी शिकवायची. दुसरा सोपा आहे.

## ४. आपल्या सवयीप्रमाणे बसवून घेणे

तुमच्या होम फोल्डरमध्ये '.कॉन्फिग' नावाचा लपलेला फोल्डर आहे (कंट्रोल + एच दाबलं की दिसतो). त्यात 'एमपीव्ही' फोल्डर नसेल तर करा. त्याच्या आत साध्या टेक्स्ट एडिटरने दोन फाइली करायच्या. लिबरऑफिसने नको, तो साध्या टेक्स्टखेरीज बरंच काही फाइलीत भरतो.

पहिली फाइल 'एमपीव्ही.कॉन्फ'. यात पर्यायांच्या आधीच्या दोन रेघा लिहायच्या नाहीत:

सेव्ह-पोझिशन-ऑन-क्विट=येस
कीप-ओपन=येस
ऑडिओ-डिस्प्ले=नो
इनपुट-आयपीसी-सर्व्हर=/टीएमपी/एमपीव्हीसॉकेट

पहिल्या ओळीमुळे बंद केलं तिथूनच पुढच्या वेळी सुरू होतं. दुसरीमुळे रेकॉर्डिंग संपलं की प्लेअर बंद न होता शेवटाशी थांबून राहतो. तिसरीमुळे ती चित्राची खिडकी येत नाही. चौथीचं काम पाचव्या पायरीत.

दुसरी फाइल 'इनपुट.कॉन्फ'. यात बटणं. लेफ्ट, राइट, स्पेस ही नावं मोठ्या इंग्रजी अक्षरांत, बाकी आज्ञा लहान अक्षरांत, आणि डावीकडचं त, स मात्र खरोखरच मराठीत:

लेफ्ट सीक -३ एक्झॅक्ट
राइट सीक ३ एक्झॅक्ट
स्पेस सीक -१ एक्झॅक्ट; सायकल पॉज; राइट-वॉच-लेटर-कॉन्फिग
त एबी-लूप
स सायकल म्यूट

तिसऱ्या ओळीतल्या राइटचं स्पेलिंग 'लिहिणे'वालं, दुसऱ्या ओळीतलं 'उजवा'वालं. तिथे घोटाळा होतो.

बाण आता पाच ऐवजी तीन सेकंद सरकतात. ऐकून लिहिताना तीन सेकंद म्हणजे साधारण एक छोटं वाक्य. पाच जरा जास्तच होतात.

स्पेसच्या ओळीत तीन कामं एकत्र आहेत. प्रत्येक दाबण्याला आधी एक सेकंद मागे, मग थांब किंवा चालू, मग जागा लिहून ठेव. थांबताना एक आणि चालू होताना एक, असं दोन सेकंद मागून सुरू होतं, त्यामुळे मागचा शब्द कानावर पुन्हा येतो आणि दुवा तुटत नाही. एक्झॅक्ट लिहिलं नाही तर प्लेअर अंदाजाने जवळपास कुठेतरी उडी मारतो.

जागा लिहून ठेवण्याचं तिसरं काम खास आपल्याकडच्या लाइटसाठी आहे. पहिल्या फाइलीतली 'सेव्ह-पोझिशन' ची सोय फक्त नीट बंद केल्यावर चालते. लाइट गेली आणि डेस्कटॉप धाडकन बंद पडला की ती जागा गेली. आता मात्र दर थांब्याला नोंद होते, त्यामुळे उन्हाळ्यात दिवसातून किती का वेळा लाइट जाईना, मागच्या थांब्यापाशी परत येता येतं. पुन्हा उघडल्यावर प्लेअर थांबलेलाच दिसला तर घाबरू नका, स्पेस दाबा. तुम्ही टाइप केलेल्या मजकुराचं मात्र तुम्हीच बघा. लिबरऑफिसमध्ये आपोआप जतन करण्याची वेळ दोन-तीन मिनिटांवर आणून ठेवा.

ही नोंद फाइलच्या पूर्ण पत्त्यावर बांधलेली असते. फाइलचं नाव बदललं, दुसऱ्या फोल्डरमध्ये हलवली किंवा पेनड्राइव्ह वेगळ्या नावाने उघडला की प्लेअरला ती नवीच वाटते. म्हणून सुरुवातीलाच फाइल संगणकावर घ्यायला आणि नाव एकदाच ठरवायला सांगितलं. उलटही होतं: संपलेलं रेकॉर्डिंग पुन्हा तपासायला उघडलं की ते थेट शेवटाशी उघडतं आणि बिघडल्यासारखं वाटतं. तेव्हा '--नो-रिझ्यूम-प्लेबॅक' जोडा.

इन्स्क्रिप्टऐवजी दुसरा कीबोर्ड वापरत असाल तर तुमची अक्षरं वेगळी येतील. बटण दाबून बघा, टर्मिनल ज्या अक्षराबद्दल तक्रार करेल ते इनपुट.कॉन्फमध्ये लिहा.

## ५. टाइप करता करता प्लेअर चालवणे

इथपर्यंत आलात तरी एक त्रास उरतोच: लिहायच्या खिडकीतून टर्मिनलमध्ये जा, स्पेस दाबा, परत या. तो घालवायचा. लिबरऑफिसमध्येच बसून एफ८ दाबलं की प्लेअर थांबला पाहिजे.

एमपीव्ही.कॉन्फमधल्या चौथ्या ओळीने एक छोटी खिडकी उघडी ठेवली आहे. तिला सॉकेट म्हणतात. बाहेरचा प्रोग्राम तिच्यातून प्लेअरला सूचना देऊ शकतो. आधी हाताने करून बघा. एका टर्मिनलमध्ये रेकॉर्डिंग चालू ठेवा, दुसरं टर्मिनल उघडा आणि लिहा:

एको 'कीप्रेस स्पेस' | सोकॅट - /टीएमपी/एमपीव्हीसॉकेट

(कीप्रेस लहान अक्षरांत, स्पेस मोठ्या अक्षरांत. मधली उभी रेघ एंटरच्या वरच्या उलट्या तिरक्या रेघेच्या बटणावर शिफ्ट दाबून मिळते.) पहिल्या टर्मिनलमधलं रेकॉर्डिंग थांबलं पाहिजे. 'कीप्रेस' म्हणजे प्लेअरमध्ये हे बटण दाबल्यासारखं कर. त्यामुळे स्पेसला आपण दिलेली तिन्ही कामं तशीच होतात, पुन्हा लिहावी लागत नाहीत.

थांबलं? मग पुढचं सोपं आहे. होम फोल्डरमध्ये 'थांब' नावाची (इंग्रजी अक्षरांत) फाइल करा. तिच्यात दोनच ओळी:

#!/बिन/एसएच
एको 'कीप्रेस स्पेस' | सोकॅट - /टीएमपी/एमपीव्हीसॉकेट

अशीच दुसरी फाइल 'मागे', तिच्यात स्पेसच्या जागी लेफ्ट. मग टर्मिनलमध्ये:

सीएचमॉड +एक्स थांब मागे

आता संगणकाच्या सेटिंगमध्ये कीबोर्ड, त्यात शॉर्टकट, त्यात कस्टम शॉर्टकट. नवीन जोडा, आज्ञेच्या रकान्यात फाइलचा पूर्ण पत्ता लिहा: /होम/तुमचं-नाव/थांब. मग एफ८ दाबून ते बटण नेमून द्या. 'मागे' साठी एफ९.

इथे अडखळण्याच्या जागा बऱ्याच आहेत. पत्त्यात लहरी रेघ (~) चालेलच असं नाही, पूर्ण पत्ताच द्या. सोकॅटची ओळ थेट त्या रकान्यात टाकू नका, उभी रेघ तिथे कळत नाही, म्हणून तर वेगळी फाइल केली. फंक्शन बटणंच निवडा, ती मराठी आणि इंग्रजी दोन्ही कीबोर्डमध्ये सारखीच राहतात. एफ७ घेऊ नका, लिबरऑफिसमध्ये त्यावर शुद्धलेखन तपासणी आहे. एफ८ आणि एफ९ लाही तिथे कामं आहेत, पण साध्या लिखाणात ती कुणाला लागत नाहीत. काही लॅपटॉपमध्ये एफ८ दाबायला एफएन बटण सोबत दाबावं लागतं. बायोसमध्ये (संगणक सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) हे उलटं करता येतं.

एका वेळी एकच एमपीव्ही चालू ठेवा. दोन उघडले तर सॉकेट नंतर उघडलेल्याकडे जातं आणि तुम्ही एफ८ दाबत बसता तो पहिला ऐकतच नाही.

रोज तासन्‌तास हेच काम असेल तर पायाने दाबायचं यूएसबी पेडल मिळतं. बहुतेक पेडलं संगणकाला कीबोर्डच वाटतात. पेडलला एफ८ नेमून दिलं की हात कीबोर्डवरून उचलायचेच नाहीत. सुरुवातीलाच घेऊ नका. महिनाभर एफ८ वर काढा, मग ठरवा.

मजकुरात वेळेची नोंद हवी असेल (हवीच, पुढे तपासताना लागते) तर टर्मिनलची ती पळती ओळ कोपऱ्यात दिसेल अशी खिडकी लहान करून ठेवा आणि दर परिच्छेदाला वेळ लिहा. ते स्वयंचलित करता येतं, पण त्या भानगडीत मी पडत नाही. डोळ्याने बघून लिहिलेली वेळ पुरते.

## ६. अडलं तर

आवाजच येत नाही, पण वेळ पळतेय. चुकून म्यूट झालंय का ते आधी बघा. एकदा एम दाबा. तरी आवाज आला नाही तर पुन्हा एम दाबून 'अल्सामिक्सर' (आवाजाच्या पट्ट्या दाखवणारा प्रोग्राम) चालवा. तिथे एखाद्या पट्टीखाली एमएम दिसलं की ती बंद आहे, तिच्यावर जाऊन एम दाबा. साउंड कार्ड चुकीचं निवडलेलं असेल तर एफ६ ने बदला. टीव्ही किंवा प्रोजेक्टर एचडीएमआयने जोडलेला असेल तर आवाज बरेचदा तिकडे पळालेला असतो. 'एमपीव्ही --ऑडिओ-डिव्हाइस=हेल्प' लिहिलं की सगळ्या वाटांची यादी येते. त्यातलं हवं ते नाव हेल्पच्या जागी टाका आणि पुढे फाइलचं नाव द्या.

मागे-पुढे जाताना भलतीकडेच उडी मारतो. काही एमपी३ फाइलींत वेळेचा हिशेब आतूनच अंदाजाचा असतो. त्या फाइलीची वेव्ह करून घ्या:

एफएफएमपेग -आय जुनी.एमपी३ नवी.वेव्ह

(वेव्हचं स्पेलिंग तीन अक्षरी: डब्ल्यू-ए-व्ही. एफएफएमपेग नसेल तर पहिल्या पायरीसारखंच एपीटीने बसवा.) सीडीच्या दर्जाची स्टिरिओ वेव्ह मिनिटाला साधारण १० एमबी खाते, म्हणजे तासाला सहाशे. जागा बघून करा, काम झालं की ती काढून टाका. वेळेच्या नोंदी सुरू करण्याआधीच हे उरका. मधेच फाइल बदलली तर जुन्या नोंदी नव्या फाइलीशी जुळतीलच असं नाही.

सेटिंग बदललं तरी फरक पडत नाही. प्लेअर बंद करून पुन्हा चालू केला का? चालू असताना तो फाइली पुन्हा वाचत नाही. केला असेल तर टर्मिनलमधल्या पहिल्या दोन-तीन ओळी वाचा. इनपुट.कॉन्फ किंवा एमपीव्ही.कॉन्फमध्ये कितव्या ओळीत काय चुकलंय ते तिथे आकड्यासकट लिहिलेलं असतं. काहीच तक्रार नसेल तर फाइलच्या नावामागे गुपचूप '.टीएक्सटी' चिकटलंय का बघा. विंडोजवर तर ते असतंच, आणि फोल्डरच्या व्ह्यू मेनूत फाइलींची शेपूट दाखवण्याचा पर्याय चालू केल्याशिवाय डोळ्याला दिसत नाही.